पोकलेनकडे पाहत उभे राहणाऱ्या सद्गृहस्थांस अनावृत पत्र

मु. पो. पिंपळगाव बसवंत,
ता. निफाड, जि. नाशिक

विषय : आपण विनावेतन करीत असलेल्या देखरेखीबाबत.
संदर्भ : आपली रोजची उपस्थिती.

महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ज्या सरकारी यंत्रावर मी चालक म्हणून नेमणुकीस आहे ते ट्रेलरवरून उतरून जमिनीस टेकते न टेकते तोच, कोणी दवंडी पिटलेली नसताना आणि कोणाच्या नावे समन्स निघालेले नसताना, आपण ज्या तत्परतेने जागेवर हजर होता, त्या तत्परतेचा शतांश जरी आमच्या कचेरीतील टपालाच्या अंगी असता, तर पुष्कळशा चाऱ्या आज गाळाने बुजलेल्या दिसल्या नसत्या. ही गोष्ट कोणीतरी केव्हातरी लेखी कबूल करावयास हवी होती. शासनाकडून ती होण्याचा संभव नसल्यामुळे मी ती खाजगी रीतीने करीत आहे. खात्याचे नाव लिहीत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 हे सरकारी नोकरास शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्याची मनाई करतात. स्तुतीस त्यांची हरकत नाही, आणि प्रस्तुत पत्र आरंभापासून अखेरपर्यंत स्तुतिपरच आहे, हे वाचकांनी व, तशी वेळ आल्यास, चौकशी अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

2019 च्या मे महिन्यात काही चतुर तरुणांनी समाजमाध्यमांवर आपली यथेच्छ टवाळी केली आणि जेसीबीचे खोदकाम पाहत उभे राहणे हा या देशातील बेकारीचा सर्वमान्य पुरावा ठरवून टाकला, तेव्हा मला मनस्वी वाईट वाटले. हरियाणातील बल्लभगड येथे 1979 साली ज्या पिवळ्या यंत्राचा कारखाना सुरू झाला, त्याच्या बकेटमधून आज विजयी उमेदवारावर गुलाल उधळला जातो, पुढाऱ्यांवर झेंडूच्या पाकळ्यांचा वर्षाव होतो, आणि एखादा हौशी नवरदेव घोडीस रजा देऊन त्याच बकेटमध्ये बसून मांडवात येतो. ज्या यंत्राकडून समाज इतकी मंगलकार्ये उरकून घेतो त्याच्याकडे, ते आपले मूळ काम करीत असताना, चार घटका पाहिले तर त्यात दोष तो कोणता? माझे यंत्र त्या कुळातले नव्हे, ते साखळ्यांवर चालणारे पोकलेन. परंतु आपणांपैकी बरेचजण दोघांसही एकाच नावाने व सारख्याच मायेने हाक मारतात, त्यास माझी तक्रार नाही.

पावसाळा सरून रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी जी थोडकी मुदत मिळते, तिच्यात पिंपळगावच्या शिवारातील एका चारीमधला गाळ व बेशरमाची झुडपे काढण्याचे काम चालू होते, तेव्हा आपली बैठक बांधावर नित्य भरत असे. बाजार समितीच्या आवारात टोमॅटोच्या जाळ्या उतरवून लिलावाची पाळी येईपर्यंत मोकळे झालेले पिकअपवाले, गोड्या बहाराची छाटणी मजुरांवर सोपवून ‘जरा बघून येतो’ एवढेच घरी सांगून निघालेले द्राक्षबागाईतदार, शाळेची घंटा ऐकू न आलेली मुले, आणि या सर्वांच्या अग्रभागी छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभे असलेले नाना. नाना हे आपल्या मंडळाचे स्वयंसिद्ध अध्यक्ष. 1972 च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पाझर तलावाच्या भरावावर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या; त्यामुळे माती हलविण्याच्या शास्त्रात त्यांचे परिमाण घनमीटर हे नसून माणूस हे आहे. बकेट शिगोशीग भरून वर आली की ते पुटपुटतात, “हे एका गड्याचं दुपारपर्यंतचं काम.” हा हिशेब आमच्या दरसूचीपेक्षा अधिक सचोटीचा आहे असे माझे मत आहे, दरसूचीत सुकडीचा भाव दिलेला नाही. पुढे 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि मजुरांच्या हातचे काम हिरावणाऱ्या यंत्रांस त्या कामांवर मज्जाव झाला, हेही नाना मला अधूनमधून ऐकवतात. आम्ही उभयता एकाच मातीचे प्रतिस्पर्धी. तरी मला चहा पाजण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही.

आपल्या देखरेखीने शासनाचा केवढा लाभ होतो, याचे एकच उदाहरण देतो. या निफाड तालुक्याच्या पोटात पाण्याच्या पाइपलाइनींचे जे जाळे पसरले आहे, विहिरीपासून बागेपर्यंत, नदीपासून शेततळ्यापर्यंत, कोस-कोस लांब गेलेले, आणि दर वाटणीपत्राबरोबर एकेक नवा फाटा फुटलेले, ते कोणत्याही सरकारी नकाशावर नाही. माझ्या हाती आलेल्या नकाशात त्या जागी निष्कलंक कोरा कागद होता. बकेटचे दात मातीस लागणार इतक्यात नाना छत्री उंचावून ओरडले, “ओ भाऊ, थांबा! इथून आप्पाची लाइन गेलीय, अन् तिच्या खालून त्याच्या पुतण्याची!” यंत्र थांबवून कुदळीने उकरले, तो अडीच हातांवर आप्पांची लाइन निघाली व तिच्या खाली वीतभर अंतराने पुतण्याची. चुलत्या-पुतण्यांचे बोलणे बंद असल्याचे मागाहून कळले; त्यांच्या लाइनी मात्र तेथे खांद्यास खांदा लावून नांदत होत्या. एवढी माहिती मिळविण्यास सर्वेक्षणाची निविदा काढावी लागली असती, आणि ती माहिती चूक निघाली असती.

आता आपण तासन्‌तास पाहता ते नेमके काय, हे एकदा सांगून टाकतो. कारण इतक्या निष्ठेने पाहणाऱ्यास ते कळण्याचा अधिकार आहे. पोकलेनच्या हातास तीन सांधे असतात, बूमचा, आर्मचा व बकेटचा. तिन्ही आपापल्या पिनभोवती वर्तुळातच फिरतात, सरळ रेषेत जाणे त्यांपैकी एकाच्याही स्वभावात नाही; आणि चारीचा तळ तर सरळ हवा, बाजूचा उतार दीडास एक असा एकसारखा हवा. तेव्हा डाव्या हाताने आर्म अंगाकडे ओढीत, उजव्या हाताने त्याच वेळी बूम किंचित उचलीत, आणि त्याच उजव्या मनगटाच्या कलाने बकेटचा कोन राखीत, तीन वर्तुळांतून एक सरळ रेषा काढावयाची असते. एका हाताने दुसऱ्याची वाट पाहिली की तळास खड्डा पडलाच. शिवाय मातीचीही भाषा असते. काळी माती बकेटला चिकटून परत येते. मुरूम सुटून पडतो. मांजऱ्या खडक लागला की लिव्हरमधून बारीक खरखर हातास जाणवते. आणि काळा पाषाण लागला की इंजिनाचा आवाज खाली बसतो व चालकाची बैठक त्याच्यासह अलगद उचलली जाते. नाना हे आवाजावरून ओळखतात. मांजऱ्या लागला की ते छत्री बदलून दुसऱ्या हातात घेतात, हे मी पाहिले आहे.

कचेरीस यातले काही कळण्याची तजवीज नाही. तिला कळते ते लॉगबुकावरून. लॉगबुकात सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, डिझेल, ऑइल, कामाचे स्वरूप आणि शेवटी शेरा, अशी सदरे आहेत. आणि आकडा देणारे ते तासांचे मीटर इतके समदर्शी आहे की यंत्र पाषाण फोडीत असो वा साहेबांची वाट पाहत नुसते धुगधुगत असो, ते दोन्ही वेळा सारखेच पुढे सरकते. ट्रेलरच्या मंजुरीसाठी यंत्र बाभळीखाली तिष्ठत उभे राहिले, तर त्या दिवसांस ‘कामाचे स्वरूप’ या सदरात काय लिहावे, याविषयी कोणताही शासन निर्णय माझ्या पाहण्यात नाही. मी ‘प्रतीक्षा’ असे लिहिले. ते नामंजूर होऊन परत आले.

एका प्रसंगी मात्र आपले पाहणे मला सोसत नाही. अतिक्रमण काढण्यासाठी यंत्राची मागणी येते तेव्हाही आपण जमता. परंतु त्या दिवशी कोणी हिशेब करीत नाही, कोणी चहा आणीत नाही, आणि आपण बकेटकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहता. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात पंधरा दिवसांच्या नोटिशीविना घर पाडण्यास मनाई केली व नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यांस व्यक्तिशः जबाबदार धरले, हे योग्यच झाले. त्या निकालाचा कागद वरिष्ठांकडे असतो. लिव्हर माझ्याकडे असतात. त्या दिवशीचा शेरा मी लिहीत नाही.

आता, महोदय, स्तुती आटोपल्यावर एक विनंतीवजा गाऱ्हाणे. इंजिन बंद झाले की आपण निघून जाता. बकेट जमिनीवर टेकली, धूर थांबला, की आपली सभा क्षणात बरखास्त होते. आणि ज्यास मी खरे काम म्हणतो ते नेमके त्यानंतर सुरू होते. साखळीच्या पाट्यांत घट्ट बसलेली काळी माती पहारीने काढावी लागते, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला काडीकचरा झाडावा लागतो, आणि मग ग्रीसगन घेऊन एकेका पिनशी वाकावे लागते. माझे उस्ताद रोजंदारीवरून आलेले. 1967 च्या कालेलकर निवाड्याने सलग पाच वर्षे राबलेल्या ज्या माणसांस ‘रूपांतरित नियमित अस्थायी’ आस्थापनेवर घेतले, म्हणजे एकाच देहाने नियमित आणि अस्थायी अशा दोन्ही अवस्था भोगण्याचा मान दिला, त्यांपैकी ते एक. त्यांचा दंडक असा, की जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येऊन त्यामागून नवे दिसू लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. हे दृश्य पाहावयास आजपर्यंत आपणांपैकी एकही जण थांबलेला नाही.

यात आपणांस दोष द्यावा तर शासनासही द्यावा लागेल, आणि ते नियमांत बसत नाही. पलीकडच्या पैठणास जायकवाडीचे धरण झाले. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण. दोन्ही तारखा पुस्तकांत आहेत. सरकारी कोनशिलेवर ‘येथे अमुक साली गाळ काढला’ असे कोरलेले मी तरी कोठे वाचलेले नाही. गाळास नारळ फोडीत नाहीत. शासनास गाळाची आठवण होते, नाही असे नाही. 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी यमकबद्ध योजना निघाली, गाळ शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांत भरला गेला, आणि ते काम पाहण्यासही आपण बहुसंख्येने आला होता, कारण त्यात खोदकाम होते. पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की ज्यांच्या नळांस पाणी येते ते येवल्याचे व मनमाडचे रहिवासी अंतर मोजतात, दिवस मोजतात; वाटेत गवताने किती पाणी अडविले ते मोजावयास कोणी बांधावर उभा नसतो. गाळाचा सन्मान एकाच ठिकाणी झाला, आणि तोही येथून जवळच. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गोदावरी व कादवा यांनी वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या गाळात पाणथळ झाली, पाणथळीत देशोदेशींचे पक्षी उतरले, आणि 2020 च्या जानेवारीत ते राज्यातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेथे दुर्बिणी लावून पाहणारे लोक असतात. माझ्या यंत्रास तेथे प्रवेश नाही, व ते ठीकच आहे. परंतु आमच्या चारीत बगळे उतरतात म्हणून तिचीही शिफारस पाठवावी काय, असा विचार दप्तरी कोणाच्या मनात येऊ नये, एवढ्यासाठी हा उल्लेख संक्षेपाने केला.

सबब, आपणांस नम्र सूचना अशी. माझ्या यंत्रावरील हेल्परचे पद रिक्त आहे. ते भरण्याचा प्रस्ताव योग्य मार्गाने गेलेला असून त्या मार्गातही बहुधा बेशरम माजले असावे. तरी येत्या आवर्तनापूर्वी यंत्र पुन्हा चारीवर येईल तेव्हा आपण नेहमीप्रमाणे हजर राहावे, मात्र संध्याकाळी इंजिन बंद झाल्यावर अर्धा तास अधिक थांबावे. एकाने ग्रीसगन धरावी, एकाने पहार घ्यावी, मुलांनी रेडिएटर झाडावा. नानांनी काही करू नये, त्यांचे 1972 साली करून झाले आहे. मोबदला मिळणार नाही. आपल्या उपस्थितीची नोंद मी शेऱ्याच्या सदरात करीन, आणि ती नामंजूर होऊन परत आल्यास आपणांस दाखवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सरकारी यंत्रचालक

प्रत माहितीस्तव :
1) नाना यांस, बांधावर, समक्ष.
2) आप्पा व त्यांचे पुतणे यांस, स्वतंत्रपणे.
3) निवडनस्ती.