खोक्यातला वारा

वाऱ्याला कोंडून त्याच्याकडून काही वदवून घेणं हा तसा अरसिकपणाच. त्यातही वासोण्याचा वारा. सिल्वासा मागे टाकून खानवेलच्या वाटेला लागलं की झाडी दाटते, सफारीच्या कुंपणाआड सिंह जांभया देत पडलेले असतात, आणि ऐनाचं एखादं वाळकं, पाच पंखांचं फळ गिरक्या घेत सावकाश खाली उतरतं. भौतिकशास्त्राचं एक अक्षरही न शिकता! माझ्या नववीतल्या भाचीला मात्र विज्ञान प्रकल्पासाठी हाच वारा पुठ्ठ्याच्या खोक्यात हवा होता.

खोक्याच्या मागच्या टोकाला टेबलफॅन बसला. हवा ढकलायची नाही, ओढून घ्यायची, असं तिने मला बजावलं. ढकललेली हवा पात्यांबरोबर भोवंडत येते म्हणे. पुढच्या तोंडाशी शीतपेयाच्या नळ्या चिकटवून जाळी केली. तिच्यातून आलेला वारा शिस्तीत, रांगेने चालतो. मध्ये कार्डशीटचा वाकवलेला पंख, आणि धुरासाठी देवघरातली उदबत्ती. "देवाला एक आणि पंख्याला पुडा!" आजी म्हणाली खरी, पण खुर्ची ओढून पाहत बसली तीच.

पाहण्यासारखंच होतं ते. धुराची रेघ पंखाच्या पाठीवरून अलगद घसरत, मागच्या कडेशी खाली वळत निघून जाई. हवेला खाली वळवायचं आणि त्या बदल्यात आपण वर उचललं जायचं, एवढाच उडण्यातला व्यवहार. पंख आणखी तिरपा केला की उचल वाढते. पण लोभाला मर्यादा आहे. नेहमीच्या पंखांच्या बाबतीत साधारण पंधरा अंशांच्या पुढे धूर पाठ सोडतो, त्याची भेंडोळी होतात आणि उचल कोसळते. भाची त्याला 'स्टॉल' म्हणते. नाक फार वर केलं की माणसांचंही असंच होतं, हे आजीने प्रकल्पाच्या वहीत लिहू दिलं नाही, एवढंच.

पंखावरून आणि पंखाखालून गेलेली हवा मागच्या कडेशी एकाच वेळी भेटते, असं कित्येक पुस्तकांत छापलेलं असतं. जत्रेत हात सुटलेल्या भावंडांसारखी ती दोघं ठरल्या खांबापाशी भेटतात, ही कल्पना मला फार आवडत असे. पण तसं काही नसतं. वरची हवा आधीच पोचते आणि कुणासाठी थांबत नाही. विज्ञान कधी कधी आपल्याला असं हळवं करून सोडून देतं.

खोक्याचं कूळ मात्र थोर आहे. डेटनच्या सायकल दुकानात राइट बंधूंनी 1901 साली लाकडी पेटीत पंख्याचा वारा सोडला, करवतीची पाती आणि सायकलच्या तारा वापरून तराजू केले आणि पंखांचे दोनेकशे आकार तपासले. त्याच्याही आधी, 1899 साली, पंख पिळून तोल सावरता येतो का, हे त्यांनी पाहिलं ते पतंगावर.

आणि पतंग म्हटलं की आमच्याकडची पोरं कुणाला ऐकतात? गुजरात उंबऱ्याशी असल्यामुळे इथली संक्रांत गच्चीवरच उगवते. कन्नीची गाठ जरा वर घेतली की पतंग वाऱ्याला आडवा होतो, जोराचा वारा सोसतो. खाली घेतली की तो छाती काढून उभा राहतो आणि दोरा ओढू लागतो. ढील दिली की कागद सपाट होऊन पतंग गिरक्या घेतो. ओढ दिली की कमान वाकते आणि तो नाकासमोर सरळ सुटतो. वहीतला प्रत्येक कोन, प्रत्येक बाण या बोटांना आधीपासून ठाऊक आहे. त्यांना परीक्षेत कुणी विचारलेलं नाही, इतकंच.

तेव्हा येत्या जानेवारीत एखादं पोर कन्नीची गाठ बोटभर वर-खाली करत तासभर बसलेलं दिसलं, तर 'अभ्यासाला बस' म्हणून त्याला उठवू नका. ते अभ्यासालाच बसलेलं आहे.