हार्डडिस्कचं झाकण उघडणाऱ्या दुरुस्तीवाल्यास

दुकानदार महाशय,

भर पावसात माझी बहीण तुमच्याकडे आली. बॅगेत पाणी शिरून हार्डडिस्क भिजली होती आणि तिच्या सासऱ्यांचे सगळे फोटो त्या एकाच डिस्कवर होते. हे तिनं तुम्हाला आधीच सांगितलं. "आत ओल गेलीय ताई, पुसून देतो," म्हणत तुम्ही तिच्यादेखत स्क्रू काढलेत. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून चकतीवर गोल फिरवलात, वर फुंकर मारलीत, झाकण लावून लगेच डिस्क चालूही केलीत. कुणी शिकवलं तुम्हाला हे?

काय पुसलंत ते आता तरी ऐका. फोटो असतात कोबाल्टच्या मिश्रधातूच्या चुंबकीय थरात. त्यावर जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर कार्बनचं कवच, आणि त्याहीवर एक-दोन नॅनोमीटरचं वंगण, परफ्लुओरोपॉलिईथर नावाचं. चकती मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि डेटा वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतर राखून जातं. कापसाचा एक तंतू त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. तुम्ही तर अख्खा बोळा फिरवलात!

"अल्कोहोलनं ते वंगण विरघळत नाही," असं म्हणाल, तर तेवढं बरोबर आहे. त्याला फ्लोरिनयुक्त द्रावक लागतो. कारखान्यात चकती अशा द्रावणात बुडवून ठरावीक वेगानं वर काढतात आणि त्या वेगावर थराची जाडी ठरते, इतकं ते नाजूक काम. पण वंगण कार्बनला धरून राहतं ते आपल्या टोकांच्या हायड्रॉक्सिल गटांच्या जोरावर. पाणी आणि अल्कोहोल यांच्याकडेही तेच गट असतात, त्यामुळे ते कार्बनवरच्या त्याच जागा बळकावायला बघतात. वंगणाची पकड सुटते. कुठे ते गोळा होतं, कुठे कार्बन उघडा पडतो. कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल खाली उतरली की कोबाल्ट गंजायला लागतो. अल्कोहोल उडून जातं, त्यानं सोबत आणलेला मळ मात्र चकतीवरच वाळतो.

डिस्क बनवणाऱ्यांना या ओलीची धास्ती होती. म्हणून आत येणारी हवासुद्धा छोट्या छिद्रातून, गाळणीतून येते आणि बहुतेक डिस्कमध्ये ओल शोषणारी पुडी असते. तुम्ही जुलैच्या हवेत, रस्त्यालगतच्या टेबलावर झाकणच काढलंत.

भिजलेली डिस्क चालू करायची नसते, उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवायचीही नसते. वाळली की पाण्यातले क्षार आणि गाळ चकतीवर घट्ट बसतात. ती तशीच ओलसर, हवाबंद पिशवीत घालून स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायची. पाच मिनिटांत सांगता आलं असतं हे.

आम्ही नंतर अशा प्रयोगशाळेतच गेलो. चकतीवर बोटभर आत एक गोल ओरखडा आहे, धातूपर्यंत गेलेला. त्या पट्ट्यातले फोटो कुणीच परत देऊ शकत नाही.

काचेवरची 'डेटा रिकव्हरी' ही अक्षरं आजच खरवडून काढा. पुढचं गिऱ्हाईक भिजलेली डिस्क घेऊन आलं, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि हे काम आपलं नाही, असं त्याला तोंडावर सांगा.