हजेरीकाका

भिलाईच्या सेक्टर 2 मधून परदेशी निघालेल्या पोराला तिघांच्या पाया पडावं लागतं. देवाच्या, आईवडिलांच्या आणि हजेरीकाकांच्या. बाकीचे आशीर्वाद देतात, काका पासपोर्ट मागतात.

काकांची उभी नोकरी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात गेली. 'ए' शिफ्टला कोण आलं, 'बी'ला दांडी मारून कोण मैत्री बागेत सापडलं, सगळं त्यांच्या वहीत. ब्लास्ट फर्नेस घरून पेटवता येत नाही, त्यामुळे माणूस गेटच्या आत की बाहेर, एवढ्या एका प्रश्नावर संसार सुखाचा झाला. रिटायर झाले आणि पाहतात तो शेजारची पोरं क्वार्टरच्या पुढच्या खोलीत हेडफोन लावून बसलेली, पगार कुठून तरी टेक्सासहून. आत धरायचं की बाहेर? काकांचं बीपी वाढलं.

औषध अखेर आयकर कायद्यात सापडलं. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात भरले की तुम्ही इथले रहिवासी, मग जगभरची कमाई इथे दाखवायची. "अबे, हे तर मस्टरच आहे!" काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून सेक्टरातल्या प्रत्येक प्रवासी पोराचं पान त्यांच्या वहीत उघडलं गेलं.

"काका, माझा पगार डॉलरमध्ये येतो, मग टॅक्स तिकडेच ना?"

"खुर्ची कुठाय तुझी?"

"इथेच. आईच्या शिलाई मशीनजवळ."

"मग टॅक्सही मशीनजवळच. डॉलर सोड, रूबल घेतलेस तरी."

काकांचा खरा सीझन सप्टेंबर. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याने 1 एप्रिलपासून मोजलं तर 28 सप्टेंबरला 181 दिवस भरतात. 29 ला इथे दिसला की रहिवासी. म्हणून काकांचं ठाम मत आहे की कायद्याने गणपतीची सोय केली आहे, दिवाळीची नाही. 2023 साली अधिक श्रावणामुळे गणपती लांबले आणि अनंत चतुर्दशी नेमकी 28 सप्टेंबरला आली. लिस्बनला निघालेल्या एका पोराचं दिल्लीहून विमान रात्री पावणेतीनचं. घरचे खूश, आरती करून संध्याकाळच्या विमानाने रायपूरहून निघेल. काकांनी घड्याळ काढलं. "विमान कधी उडतं ते कोण विचारतंय? शिक्का बाराच्या आत पडला पाहिजे!" जायचा दिवसही ते धरतात, उगाच वाद नको म्हणून. पोरगं सकाळीच रवाना झालं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना काकांच्या मोबाइलवर फोटो आला, पासपोर्टचं पान, त्यावर 28. काकांनी ढोलवाल्याला थांबवून तो दाखवला. ढोलवाल्याने गुलाल लावला, फोटोला.

दुबईवाल्यांवर मात्र त्यांचा राग आहे. तिथे पगारावर आयकर नाही, म्हणून पोरं उड्या मारतात. 2020 पासून नियम आहे, भारतीय नागरिकाचं इथलं उत्पन्न पंधरा लाखांवर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसेल, तर तो एक दिवसही न येता इथला रहिवासी मानला जातो. काकांना हे पटत नाही. गैरहजर माणसाची हजेरी? टाइम ऑफिसात असं करणाऱ्याला मेमो मिळायचा. तरी नियम म्हणून मुकाट्याने सांगतात.

दोन देश एकाच पोरावर हक्क सांगू लागले की कर-करारातला पहिला प्रश्न येतो, कायमचं घर कुठे? इथे काका जरा घुटमळतात. त्यांचं स्वतःचं सगळं आयुष्य कंपनीच्या क्वार्टरात गेलं. पुढे चुना कंपनीचा, मागे पेरूचं झाड तेवढं यांचं. मग लगेच पुढच्या प्रश्नावर उडी, जिव्हाळ्याचे आणि पैशाचे संबंध कुठे जास्त? "लोणच्याची बरणी इथून जाते," काकू आतून सांगतात. काका तेही लिहून घेतात.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. 182 जागेवर आहे हे बघून काकांनी त्या दिवशी पेढे वाटले.

यंदा पंचाईत घरातच झाली. मुलगी कॅनडात, बाळंतपण ऑगस्टमध्ये, काकूंनी 1 जुलैपासून सहा महिन्यांची तयारी केली. काकांनी वही उघडली. कॅनडाचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि तिथे वर्षात 183 दिवस काढले तर पाहुणाही रहिवासी ठरू शकतो. जुलै ते डिसेंबर, 184.

"तुझं एफडीचं व्याज तिकडे दाखवावं लागेल! ऑक्टोबरात जा, दिवस दोन वर्षांत वाटले जातील."

काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेत दाबून बसवला.

"बाळाला फोन लावून द्या. थांबतंय का विचारते."