बशीएवढं भोक

स्लायडिंग खिडकी पूर्ण ओढली, लॉक लावलं, पडदा सारला, आणि तरी डिसेंबरच्या पहाटे तो पडदा पोटात वारं घेऊन डुलतोय, अशा घराला आपल्याकडे कौतुकानं 'हवेशीर' म्हणतात. माझा या शब्दावर राग आहे. मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे (हे आपणहून सांगावं लागतं, नुसतं बघून कुणाच्या लक्षात येत नाही), म्हणून रागाआधी हिशेब मांडतो. चार बाय चारची दोन शटरची खिडकी घ्या. चारी कडा मिळून सोळा फूट, शिवाय दोन शटरं जिथे रुसलेल्या जावांसारखी एकमेकींना पाठ लावून उभी असतात तिथली चार फूट. झाले वीस फूट, म्हणजे सुमारे ६१० सेंटिमीटर. फट फक्त दोन मिलिमीटरची धरली तरी एकूण १२२ चौरस सेंटिमीटर भरतात. साडेबारा सेंटिमीटर व्यासाच्या बशीचं क्षेत्रफळ नेमकं एवढंच. बिल्डरनं हॉलच्या भिंतीला बशीएवढं भोक ठेवलं असतं तर सोसायटीची तातडीची सभा भरली असती. तेच भोक शेवईसारखं लांब ओढून खिडकीभोवती फिरवलं की आपण त्याला 'व्हेंटिलेशन' म्हणतो आणि वर चौरस फुटाचे पैसे मोजतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सगळं बंद केलं तर श्वास कसा घ्यायचा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्यामागे इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर 'मानवी वस्तीस अयोग्य' अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं रंगवली गेली, आणि १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला शहरात हवा-उजेड आणण्याचं काम मिळालं. बंद खोलीची धास्ती आपल्या हाडात आहे आणि ती योग्यच आहे. कोंदट न्हाणीघरात गॅस गीझर लावतात किंवा थंडीत दार लावून शेगडी पेटती ठेवून झोपतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नसतो आणि तो हाकही मारत नाही. तिथे विनोद संपतो. पण म्हणूनच हवेचं काम फटीवर सोडू नये. फटीतून हवा ढकलतो तो बाहेरचा वारा आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. म्हणजे गारठ्यात, सोसाट्याचा वारा सुटल्यावर, आपल्याला नको असते तेव्हा ती भरभरून येते. आणि मे महिन्यातल्या निपचित रात्री, जीव कासावीस होतो तेव्हा, ढिम्म हलत नाही. असा गडी कुणी कामावर ठेवील का? हवा हवी असेल तेव्हा हात लांब करून खिडकी उघडावी. गीझरला स्वतःचा धूर बाहेर नेणारा मार्ग द्यावा, किंवा तो न्हाणीघराबाहेर काढावा.

दुसरा आक्षेप पुणेरी: थंडी असते किती दिवस? निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात ते ठीक, आपल्याकडे स्वेटर कपाटातून निघून परत कपाटात जातो. कबूल. पण त्याच फटीतून जूनमध्ये तिरका पाऊस येतो, वर्षभर धूळ आणि हॉर्न येतात, आणि एप्रिलमध्ये विकत घेतलेला एसीचा गारवा शेजारच्या डक्टमध्ये फिरायला जातो. शिवाय थंडी किती हे ठरवतं कोण? खोलीच्या मधोमध उभा असलेला, चालता-फिरता माणूस. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कॉट मात्र हमखास खिडकीशी असते, कारण पेपर वाचायला उजेड तिथे असतो. थर्मामीटर अख्ख्या खोलीचं तापमान सांगतो. मानेवर सुरीसारखी बसणारी झुळूक त्याला कळत नाही. कॉटवरची म्हातारी म्हणते, "वारं लागतंय रे." आपण मोबाइलवरचा आकडा वाचून दाखवतो, आणखी एक शाल देतो. तिनं शाल मागितलेली नसते.

उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणून भरभर सांगतो. उदबत्ती पेटवून शटरच्या कडेनं सावकाश फिरवावी. धूर जिथे आडवा होतो तिथे फट. बहुतेकदा दोष शटरच्या खाचेतल्या लोकरीच्या पट्टीचा निघतो: नवी असताना ती मांजराच्या पाठीसारखी लुसलुशीत असते, काही वर्षांत तिला आमच्या वयाचं टक्कल पडतं. ती मीटरवर मिळते, बदलावी. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन भरावं. मात्र सिलिकॉनची बंदूक हाती आली की सुशिक्षित पुरुषात शिवकालीन गोलंदाज संचारतो आणि तो ट्रॅकच्या तळाची बारकी भोकंही बुजवून टाकतो. ती पावसाचं पाणी बाहेर जायला असतात. ती हिराच्या काडीनं मोकळी करायची. बुजवली तर जुलैत ट्रॅकचा पाट होऊन पाणी थेट गादीवर. दुहेरी काच त्यानंतरची गोष्ट. तिथे खरं काम काचेचं नसतंच, मधल्या कोंडलेल्या हवेचं असतं. स्थिर हवा काचेच्या चाळीसेक पटीनं उष्णता अडवते. आजीची गोधडी याच तत्त्वावर चालते, फक्त तिची जाहिरात होत नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो: फटीत कोंबायचा कागद. कागदाच्या तंतूंत हवा अडकते. थंड देशांत रद्दी दळून, तिला आग आणि कीड लागू नये म्हणून बोरेट मिसळून, भिंतींत भरतात. या दृष्टीनं मराठी साहित्याचं मूल्यमापन झालेलंच नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरावर वर्षं आपल्याकडे ऐन थंडीच्या तोंडावर घरोघर कागद पोचतो आहे, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. गुळगुळीत आर्टपेपर निरुपयोगी, तो घसरतो. वार्षिक राशिभविष्याची पानं उत्तम, पण ती जानेवारीपर्यंत कुणी फाडू देत नाही. कवितेत समास फार, त्यामुळे शाई कमी लागते आणि पडद्याला डाग पडत नाहीत. कथा जाड, पण मध्येच तुटते. सगळ्यांत गुणी विनोदी ललितलेख: दोन पानांत बसतो, तीन घड्यांत दोन मिलिमीटरला नेमका येतो, आणि तो फाडला तर घरात कुणी 'वाचायचा राहिला होता' असं म्हणत नाही. आपला लेख वाचून वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी महत्त्वाकांक्षा मी बरीच वर्षं बाळगली. तो काटा येऊ न देण्याचीही सोय त्याच लेखात आहे, हे उशिरा कळलं.

पट्टी बदलणारा स्लायडिंगवाला एका खिडकीसाठी येत नाही. तो 'उद्या येतो' म्हणतो, आणि त्याचा उद्या साधारण होळीला उगवतो. तोवर हे पान चालेल. उभी घडी घालावी, वरच्या कोपऱ्यापासून खाली दाबत यावं, आणि लेखकाचा फोटो असलाच तर आतल्या बाजूला ठेवावा. उन्हानं चेहरा पिवळा पडतो.