निमित्ताचा गवई

पबमध्ये एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्याचा गळा बेताचा असला तरी भागतं. पंचांग मात्र पाठ लागतं. 14 फेब्रुवारी, फ्रेंडशिप डे, हॅलोवीन, नाताळ, थर्टी फर्स्ट. शिवाय 17 मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे. बाणेर-बालेवाडीत या संताचे भक्त किती असतील कोण जाणे, पण त्या दिवशी भिंतींवर हिरवे फुगे चढतात आणि दिवसा लॅपटॉप बडवून रात्री गिटार वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला फोन येतो. (खुद्द आयर्लंडमध्ये कित्येक दशकं या दिवशी पब कायद्याने बंद असत, हे मी मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.)

एरवीच्या मंगळवारी समोर चार टेबलं असतात, पण त्यातलं एखादं खरंच ऐकत असतं. खास दिवशी पब ओसंडून वाहतो आणि कुणीही ऐकत नाही. लोक स्वतःच्या आनंदाला आलेले असतात, माझ्या नव्हे. लग्नातल्या भटजींसारखं आहे हे. मंत्र कुणाच्या कानात शिरत नाहीत, पण भटजी क्षणभर थांबले की अख्खा मांडव वळून बघतो. पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता मी निवांत गातो. दुसऱ्या अंतऱ्याऐवजी पहिलाच पुन्हा म्हटला तरी तक्रार येत नाही.

या धंद्यात सर्वांत जास्त वेळा गावं लागतं ते 'हॅपी बर्थडे'. केक निघाला की वेटर लांबून खूण करतो, चालू गाणं असेल तिथे सोडायचं. खरं कौशल्य पुढे आहे. टेबलावरचे काका काळी एकमध्ये सुरू होतात, मावशी पांढरी पाचमध्ये, आणि ज्याचा वाढदिवस तो फोनच्या कॅमेऱ्यात. मला यातला बहुमताचा सूर हुडकून दुसऱ्या ओळीपर्यंत साथ धरायची असते. ही चाल अमेरिकेतल्या केंटकीच्या हिल भगिनींची, 1893 मध्ये छापलेल्या एका बालगीताची. पुढे वाढदिवसाच्या शब्दांवर एका संगीत कंपनीने इतकी वर्षं हक्क सांगितला की तिकडची हॉटेलं रॉयल्टी टाळायला स्वतःची वाढदिवसाची गाणी रचून घेत. तो दावा न्यायालयाने 2015 मध्ये फेटाळला. आपल्याकडे हे गाणं म्हणताना रॉयल्टीची भीती कुणालाच नव्हती. सुराची तर नाहीच नाही.

व्हॅलेंटाइनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मेणबत्त्या असतात, गुलाब असतात, आणि टिश्यू पेपरवर लिहून येणाऱ्या फर्माइशींत हमखास 'तमाशा'मधलं 'अगर तुम साथ हो' असतं. सिनेमात ते दोघांची ताटातूट होताना येतं. मी डोळे मिटून गातो.

थर्टी फर्स्टचा बाज वेगळा. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम उघड्या जागेतला लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद करायला सांगतात. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं. 31 डिसेंबर बहुधा त्या सुटीत बसतो. आता गंमत बघा. गच्चीवरच्या पबमध्ये ज्या क्षणासाठी वर्षभर थांबायचं, त्याच क्षणी परवानगी संपते. 12 वाजता मॅनेजर माइक बंद करतो आणि मी नुसत्या गळ्यावर 'ऑल्ड लँग साइन' सुरू करतो. रॉबर्ट बर्न्सने 1788 मध्ये लिहून पाठवलेलं हे स्कॉटिश गाणं फटाक्यांत कुणाला ऐकू जाणार? पण पुणं हे पुणं आहे. एका वर्षी कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ ताठ उभे राहिले. खडकवासल्याला एनडीएच्या दीक्षांत संचलनात कॅडेट याच सुरावर संथ पावलं टाकत 'अंतिम पग' ओलांडून बाहेर पडतात. सून "बाबा, बसा ना" म्हणत होती. बाबा कडव्याच्या शेवटापर्यंत बसले नाहीत, आणि मग त्यांनी मला हात हलवून, अगदी हुकमी आवाजात, 'झिंगाट' सांगितलं.

'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करून आले. त्याच सिनेमातलं गाणं माझ्याकडून सहा तारांवर, माइकशिवाय हवं असतं. मात्र ते जमतं. कुणी टेबल बडवतं, कुणी ट्रे, शब्द पब्लिकच म्हणतं, आणि मी नुसता हात वरखाली करत उभा असतो. बिदागी मलाच मिळते.

आपल्या पंचांगातला एकच दिवस या यादीत घुसला आहे: गटारी. आषाढ अमावास्येला घरोघरी दिवे पुजले जातात, आणि पबबाहेर 'गटारी स्पेशल, लाइव्ह ॲकूस्टिक' अशी पाटी लागते. उद्यापासून महिनाभर सुटणार असं सगळंच आज रात्री उरकायचं असल्यामुळे गाणीही घाईने मागितली जातात. 'कोंबडी पळाली' दोनदा होतं. त्यानंतर आमची शांतता. श्रावणात मॅनेजर म्हणतो, "दादा, गणपती होऊन जाऊ देत." गणपती झाले की पितृपक्ष. पितृपक्ष संपला की नवरात्र, तेव्हा सगळे गरब्याला. परवा त्याचा फोन आला तो थेट हॅलोवीनसाठी.

"काहीतरी भीतीदायक बसवा ना, दादा. पण रोमँटिकही हवं, कपल्स येतात."

1965 च्या 'गुमनाम'मधलं लताबाईंचं शीर्षकगीत सध्या बसवतोय. कॉर्ड सोप्या आहेत. त्यांची पट्टी मात्र मला कॅपो लावूनही झेपत नाही, तेव्हा भीतीची बाजू बऱ्यापैकी तयार आहे.