एक राउंड मारून येतो

गाडी विकायची आहे हे पेडण्यात कुणाला सांगत फिरावं लागत नाही. मासळी घेताना शेजारी उभ्या असलेल्या एकाच्या कानावर घातलं की संध्याकाळपर्यंत ते पत्रादेवीला पोचतं आणि रात्री डिचोलीहून सासूबाईंचा फोन येतो, "पैशांची काही अडचण आहे का?"

अडचण पैशांची नव्हती, रस्त्यांची होती. माझ्याकडे २०१७ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस होती. दिसायला हायस्कूलच्या मुख्याध्यापकांसारखी सभ्य, पण बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० अश्वशक्ती, आणि शून्यापासून ताशी शंभरपर्यंत ६.८ सेकंद. पेडणे तालुक्यात हे सेकंद मोजायला गेलं तर चौथ्याला गतिरोधक येतो आणि पाचव्याला म्हैस. भारतात आली तेव्हा तिची शोरूमची किंमत साडेचोवीस लाखांच्या वर होती आणि आल्याही मोजक्याच. त्यामुळे तिला ओळखणारे बहुतेक विशीतले, खिशात पाचशे रुपये असलेले. ज्यांच्या खिशात पैसे, ते विचारणार, "अ‍ॅवरेज कितलें दिता?"

गाडीचा मुक्काम जास्त करून डिचोलीला, सासऱ्यांच्या शेडमध्ये. पेडण्याच्या आमच्या अंगणात माड आहेत आणि नारळ पडताना खाली काय उभं आहे हे बघत नाही. सासऱ्यांची शेड खरं तर टिपरसाठी बांधलेली. २०१२ला खाणी बंद झाल्या, पुढे जरा सुरू झाल्या, २०१८च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या धामधुमीत टिपर गेले, शेड राहिली. जमिनीला जवळजवळ पोट टेकवून उभी असलेली माझी गाडी त्या उंच पत्र्यांखाली फारच केविलवाणी दिसे, आणि येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोले: "ही आमच्या रस्त्यार चलतली?"

विकायला काढताना मी नियम ठरवले होते. लायसन्स पाहिल्याशिवाय स्टिअरिंग नाही. आधी मी चालवणार, गाडी गरम होईपर्यंत, मग तो. वाट मी ठरवणार. गाडीत मी असणारच. हे नियम अनोळखी माणसांना फार आवडतात. मोपाच्या विमानतळावर नोकरीला आलेला परप्रांतातला एक मुलगा आला, त्याने मागायच्या आत लायसन्स काढलं, फोटो घेऊ दिला, सीटबेल्ट लावला आणि विचारलं, "सर, स्पोर्ट मोड लावू का?" मला गहिवरून आलं. पण आमच्या दोन तालुक्यांत अनोळखी माणूस मिळतो कुठे? जो येतो तो कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी वर्गमित्र, नाहीतर देवळाच्या कमिटीवरचा. आणि ओळखीच्या माणसाकडे लायसन्स मागून बघा. आमच्या वाड्यावरचे एक काका ताडकन म्हणाले, "म्हजेकडेन लायसन्स मागता तूं? तुज्या बारशाक जेवलां हांव!"

आता मोटार वाहन कायद्याचं पाचवं कलम म्हणतं की परवाना नसलेल्याच्या हाती गाडी द्यायची नाही, आणि दिलीच तर त्याच कायद्यानुसार मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चालवणारा अठराच्या आतला निघाला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पंचवीस हजार आणि तीन वर्षांपर्यंत कैद. बारशाला जेवलेल्यांसाठी वेगळी तरतूद मी शोधली; नाही. शिवाय त्यांनी गाडी गडग्यावर घातली आणि लायसन्सची मुदत संपलेली असली, तर विमा कंपनी हात वर करणार. मुदत असली तरी क्लेम माझ्या पॉलिसीवर, आणि वर्षानुवर्षं जपलेला नो क्लेम बोनस माझा जाणार. हा बोनस पन्नास टक्क्यांपर्यंत चढतो आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तरी तो आपल्याबरोबर येतो, नव्या गाडीच्या विम्याला चालतो. काकांच्या एका राउंडसाठी तो घालवायचा म्हणजे बारशाचं जेवण फारच महागात पडलं असतं.

तोडगा निघाला तो असा की मी अविश्वासाचं काम विमा कंपनीकडे सोपवलं. "काका, माझं काही नाही हो, पण विम्याच्या माणसाने प्रत्येकाच्या लायसन्सचा फोटो मागितलाय." विम्याच्या माणसाने असलं काही मागितलेलं नव्हतं. पण हे ऐकल्यावर काका विमेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी गेले, लायसन्स घेऊन आले, आणि आमचे संबंध शाबूत राहिले.

बायकोच्या मामांचा प्रश्न वेगळा होता. त्यांचं लायसन्स माझ्या वयाचं. हयात खाणीवरून जेटीपर्यंत टिपर चालवण्यात गेलेली. गाडी घ्यायचा त्यांचा विचार नव्हता, पण भाचेजावयाची गाडी शेडमधून जाणार आणि आपण हात लावला नाही, हे डिचोलीत शोभलं नसतं. रविवारी आले. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला, दार उघडलं, आणि आत शिरताना चपला बाहेर काढून ठेवल्या. "मामा, घाला चपला." "नाका, कार्पेट बरें आसा." मागच्या सीटवर सासूबाई चढल्या, कारण डिचोलीत टेस्ट ड्राइव्ह एकट्याने होत नाही. मुळगावच्या वाटेवर केळी घ्यायची होती.

माझी गाडी ऑटोमॅटिक. डावीकडे क्लच नाही. ब्रेकचं पेडल मात्र ऐसपैस रुंद. बोर्ड्याच्या पुढे वळण आलं तसं मामांनी जन्मभराच्या सवयीने डावा पाय उचलला आणि क्लच समजून तो तळापर्यंत दाबला. टिपरचा क्लच दाबायला जेवढा जोर लागतो तेवढ्या जोराने. गाडी जागच्या जागी थांबली. माझा चष्मा डॅशबोर्डवर गेला, सासूबाईंचा "देवा!" पुढच्या सीटच्या पाठीत विरला, आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने आमच्या घराण्याविषयी आपलं मत मोठ्याने सांगितलं. मामा शांत. "ब्रेक बरे आसात," म्हणाले. मग थोडा विचार करून, "पूण क्लच हार्ड."

त्यांना डावा पाय सीटखाली दुमडून बसायला लावलं. हा उपाय मी नंतर सगळ्यांनाच सांगू लागलो आणि कुणाला तो अपमान वाटला नाही. पाय दुमडून बसणं म्हणजे घरच्यासारखं. आता उजवा पाय. टर्बो गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर थांबते. त्या क्षणात नवख्याला वाटतं काही होत नाही, म्हणून तो आणखी दाबतो, आणि तेवढ्यात पहिलं आणि दुसरं दाबलेलं दोन्ही एकदम हाती येतं. अस्नोड्याकडचा सरळ पट्टा होता. मामांचे ओठ मिटले, स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली आणि केळ्यांचा गाडा मागे गेला. सासूबाई म्हणाल्या, "केळीं रावलीं." कुणीच काही बोललं नाही. शेडमध्ये परतल्यावर मामांनी चपला पायांत सरकवल्या आणि सासऱ्यांना एवढंच सांगितलं की, जावयाक विकूंक दी.

माझा मेव्हणा लायसन्सचं बघतो, पण परवानगीचं नाही. एकदा मी पेडण्यात आणि गाडी म्हापशात, त्याच्या मित्राला "दाखवायला". रागावणार होतो, पण या घराण्याची परंपरा मोठी आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ बाईंनी नवऱ्याने बनवलेली मोटार नवऱ्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी नेली, शंभर किलोमीटरच्या वर. जगातली ती पहिली लांब पल्ल्याची टेस्ट ड्राइव्ह. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा त्यांनी एका औषधाच्या दुकानातून ते विकत घेतलं. मेव्हण्याने निदान तेवढं तरी करायला हवं होतं. टाकी त्याने लाल दिव्यावर आणून ठेवली.

यात गंमत वाटत असली तरी माझी झोप उडवणारी गोष्ट जर्मनीचीच. २०१९च्या मे महिन्यात डुसेलडॉर्फमध्ये एक माणूस फेरारी २८८ जीटीओ बघायला आला. वीस लाख युरोंहून जास्त किमतीची गाडी, एकेकाळी फॉर्म्युला वनच्या एडी अर्वाइनकडे असलेली. टेस्ट ड्राइव्ह छान झाली. जागा बदलायला विकणारा खाली उतरला आणि गिऱ्हाइकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे जवळच्या गावात एका गॅरेजमध्ये सापडली, पण त्या क्षणी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या जर्मन गृहस्थाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून जागा बदलायची म्हणजे आधी इंजिन बंद, किल्ली माझ्या मुठीत, मग उतरायचं. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत नुसती किल्ली खिशात असून भागत नाही. इंजिन चालू असेल तर ते तुमच्याशिवायही मजेत पुढे जातं. पेडण्यात गाडी पळवून जाणार कुठे, हा प्रश्न बरोबर आहे. पण पत्रादेवी दहा-बारा मिनिटांवर आहे आणि पलीकडे दुसरं राज्य.

पत्रादेवीवरून आठवलं. सावंतवाडीचे एक गृहस्थ आले, बोलायला गोड, कागद चोख, लायसन्स प्लास्टिकच्या पाकिटात. हातात जाडजूड बॅग. "डिकीत ठेवू ना?" ठेवली. मी पेडण्याच्या बाजारातून गाडी बाहेर काढली, हमरस्त्याला लागल्यावर त्यांना दिली. मी धारगळकडून मोपाचा जोडरस्ता सुचवला. तो मोकळा, रुंद, गाडीचं अंग दाखवायला उत्तम. ते म्हणाले, "नको, मालप्याकडून जरा पत्रादेवी, बांदा, चहा घेऊ आणि येऊ. घाटाची वळणंही कळतील." मालप्याच्या उतारावर मागून आवाज यायला लागला. किण्. खड्डा आला की किण् किण्. त्यांनी मान तिरकी केली. "दादा, शॉकअप गेलाय मागचा." मी गार. महिन्याभरापूर्वीच गॅरेजमध्ये सगळं तपासून घेतलेलं. पुढच्या वळणावर पुन्हा किण्. "डावीकडचा," ते म्हणाले. "दोन्ही बदलावे लागतील. चाळीस हजार तरी धरा. ते किमतीतून वजा करू."

मी गाडी कडेला घ्यायला लावली. इंजिन बंद, किल्ली मुठीत. मागे जाऊन बंपरवर दोन्ही हातांनी दाबून गाडी हलवली. किण्. डिकी उघडून पुन्हा हलवली. शॉकअप बॅगेत होते: वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आडवे रचलेले, गोव्याच्या दरातले. पत्रादेवीच्या पुढे तपासणी नाका आहे आणि तिथे गोव्याच्या नंबरची गाडी म्हटली की आधी डिकीकडे नजर जाते. गाडी माझ्या नावावर, डिकी माझी. बांद्याचा चहा कशासाठी हवा होता ते माझ्या लक्षात आलं. गृहस्थ जराही ओशाळले नाहीत. "म्हणजे शॉकअप चांगले आहेत," ते म्हणाले, "मग वीस हजार कमी करा." पेडण्याच्या बसस्टँडवर त्यांना बॅगेसकट सोडलं. उतरताना ते म्हणाले की गाडी मात्र स्मूथ आहे.

डिकीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो की ५९० लिटरची ती डिकी हीच या गाडीची आमच्याकडची खरी ताकद होती. २३० अश्वशक्तीने एकही गिऱ्हाईक हललं नाही. मागचं दार काचेसकट वर उघडतं हे दिसलं की मात्र बायका पुढे यायच्या. एका कुटुंबाने चवथीला गणपती बसेल का ते बघण्यासाठी पाट आणून ठेवला, त्यावर मूर्तीच्या उंचीएवढा धाकटा मुलगा बसवला, आणि माटोळीचं सामान मागच्या सीटवर मावेल का याचा हिशोब केला. इंजिन सुरूही केलं नाही. अशी निर्धोक टेस्ट ड्राइव्ह मी रोज द्यायला तयार होतो.

घेतली ती डिचोलीच्याच एका प्राध्यापिकाबाईंनी. सासऱ्यांच्या शेजारणीची बहीण, म्हणजे ओळख पक्की, तरी लायसन्स त्यांनी स्वतःच डॅशबोर्डवर ठेवलं आणि विचारलं, "तुमचं पीयूसी?" सुदैवाने चालू होतं. त्यांनी आधी थंड इंजिन स्वतःच्या हाताने सुरू केलं. एसी बंद, रेडिओ बंद, काचा वर. मी टॉर्कबद्दल सांगायला लागलो तर म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसलात तर मला गाडी ऐकू येईल." मयेच्या खराब वाटेवर हळू, मोकळ्या पट्ट्यावर एकदाच जोरात, स्टिअरिंग सैल धरून एकदा ब्रेक. बस्स. अर्ध्या तासात त्यांना जे कळलं ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं: पुढचा उजवा टायर डाव्यापेक्षा जास्त झिजलाय. पैसे त्याचे कापले आणि बरोबर कापले.

मग फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, आणि चौदा दिवसांच्या आत वाहतूक कार्यालयाला कळवणं. एका दलालाने आधी सांगितलं होतं की कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून द्या, पुढचं आम्ही बघतो. ते पुढचं कोण बघतं ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या फेब्रुवारीत स्पष्ट केलंय: गाडी कितीही हातांतून गेली तरी कागदावर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. बाईंनी माझ्या समोर बसून प्रत्येक रकाना भरला आणि चॅसिस नंबर दोनदा ताडून पाहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात बारशाचे काका फाटकात. हातात लायसन्स, खास लॅमिनेट करून आणलेलं. अंगण रिकामं बघून त्यांचा चेहरा पडला.

"विकली? म्हाका ना सांगतां?"

"काका, तुम्हाला घ्यायची होती का?"

"घेवपाक कोण सांगता? एक राउंड मारपाचो आशिल्लो मरे!" लायसन्स त्यांनी खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं. "कोणें घेतली? डिचोलेंची बाय? फोन कर तिका. सांग, आयतारा हांव येतां म्हूण."