आयकराच्या दृष्टीने आपण कोण? नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य: पॅन कार्ड, फॉर्म 16, बँकेचे पासबुक, जन्मतारखेचा खात्रीलायक पुरावा आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एक भाचा. भाचा नसल्यास सीए चालेल. मात्र त्याला जुलैत फोन करू नये, उचलत नाही.

नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, ‘बारा लाखांवर कर किती?’ मुरलेला माणूस विचारतो, ‘बारा लाख कोणाचे?’ 2025-26 या आर्थिक वर्षाचा हिशोब बघा. करपात्र उत्पन्न 12 लाख आणि ते भारतात राहणाऱ्या एखाद्या पगारदार बाईचे असेल, तर नव्या करप्रणालीत कर शून्य. तेच 12 लाख अविभक्त हिंदू कुटुंबाच्या पॅनवर असतील तर उपकरासह 62,400 रुपये. न्यू जर्सीतल्या चिरंजिवांच्या पुण्यातल्या फ्लॅटांच्या भाड्याचे असतील, तरीही 62,400. कारण 60 हजारांपर्यंतचा कर माफ करणारा रिबेट फक्त निवासी व्यक्तीला मिळतो; कुटुंब ही व्यक्ती नव्हे आणि चिरंजीव निवासी नव्हेत. हेच पैसे भागीदारी फर्मचे असतील तर सरसकट 30 टक्के, म्हणजे उपकर धरून 3,74,400. पैसे तेच, खिसा बदलला. तेव्हा आधी खिसा ओळखायला शिकू.

पायरी पहिली: वय ठरवा.

जुन्या प्रणालीत साठीच्या आतल्यांना अडीच लाखांपर्यंत कर नाही, साठी ओलांडलेल्यांना 3 लाखांपर्यंत आणि ऐंशी ओलांडलेल्यांना 5 लाखांपर्यंत. वर्षात कधीही साठी भरली की पूर्ण वर्षाचा लाभ मिळतो, अगदी 31 मार्चला भरली तरी. मग 1 एप्रिलला जन्मलेल्यांनी काय पाप केले? काही नाही. त्यांचे वय 31 मार्चलाच पूर्ण झाले असे धरावे, असे प्रत्यक्ष कर मंडळाने 2016 साली परिपत्रक काढून सांगितले. आपल्याकडच्या एका पिढीला हा पेच पडणारच नाही म्हणा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांचा वाढदिवस 1 जूनला उरकून टाकला आहे.

आता खरी मेख. नवी प्रणाली वय विचारतच नाही. आजोबा असोत की नातू, 4 लाखांपर्यंत काही नाही आणि पुढे दर 4 लाखांना 5 टक्क्यांची एकेक पायरी चढत 24 लाखांच्या वर 30 टक्के. नवशिक्याला वाटते, हा ज्येष्ठांवर अन्याय झाला. म्हणून एक आजोबा घेऊ. वय 82, निवृत्तिवेतन महिना 75 हजार, वर्षाचे 9 लाख, दुसरे उत्पन्न नाही. जुन्या प्रणालीत 50 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन साडेआठ लाख उरतात. त्यातले 5 लाख वयाच्या मानाने माफ, उरलेल्या साडेतीन लाखांवर 20 टक्के. उपकरासह 72,800 रुपये. नव्या प्रणालीत वजावट 75 हजारांची, करपात्र सव्वाआठ लाख, कर 22,500 आणि तो सगळा रिबेटमध्ये माफ. भरायचे शून्य. जुन्या प्रणालीत मेडिक्लेमचा हप्ता आणि पाच वर्षांची एफडी दाखवून आकडा खाली येतो, पण शून्य हवे असेल तर आजोबांना करपात्र उत्पन्न 5 लाखांवर आणावे लागेल. थोडक्यात, ऐंशीच्या पुढची ती 5 लाखांची मर्यादा आता शाल-श्रीफळासारखी उरली आहे. सत्कार होतो, घरी काही येत नाही. तरीही ‘सुपर सीनियर सिटिझन’ हा खिताब सोडवत नाही म्हणून जुन्याच प्रणालीला चिकटून राहायचे असेल, तर 72,800 ही त्याची वर्षाची किंमत समजा.

पायरी दुसरी: स्त्री की पुरुष?

गाळा. पूर्वी बायकांची करमुक्त मर्यादा वेगळी असे. शेवटच्या वर्षी, म्हणजे 2011-12 मध्ये, पुरुषांना 1 लाख 80 हजार आणि बायकांना 1 लाख 90 हजार. या नारीसन्मानातून जास्तीत जास्त 1,030 रुपये वाचत. पुढच्या वर्षी तेही बंद झाले.

पायरी तिसरी: लग्न झाले आहे का?

हाही प्रश्न आता कोणी विचारत नाही, पण एके काळी विचारत. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना 1955-56 च्या अर्थसंकल्पात विवाहितांना 2 हजारांपर्यंत कर माफ होता आणि अविवाहितांना फक्त 1 हजारापर्यंत. स्थळे बघताना मुलीकडच्यांना हा मुद्दा मांडता आला असता.

आज लग्नाने कर बदलायला हवा असेल तर गोव्यासारख्या ठिकाणचे असावे लागते. तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याखाली ज्या नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यांचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न अर्धे अर्धे वाटून दोघांच्या नावावर लागते. म्हापशातल्या दुकानाचा 16 लाखांचा नफा 8-8 लाखांचा होतो आणि दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत दोघांचाही कर शून्य. सावंतवाडीत तेच दुकान तेवढेच चालले तर एकट्या मालकाला 1,24,800 रुपये. बांदा ओलांडल्याचा फरक.

पायरी चौथी: शेती आहे का?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असते. पुढचे वाक्य कोणी सांगत नाही. शेतीचे उत्पन्न 5 हजारांच्या वर आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरवताना शेती हिशोबात धरतात. निफाडच्या एका डॉक्टरची कल्पना करा. दवाखान्याचे 15 लाख, द्राक्षांचे 10 लाख. द्राक्षे नसती तर नव्या प्रणालीत कर 1,05,000. द्राक्षे आहेत म्हणून 2,40,000, उपकर वेगळा. कर द्राक्षांवर नाही, दवाखान्यावरच आहे. द्राक्षांनी फक्त दवाखान्याला वरच्या टप्प्यात ढकलले.

पायरी पाचवी: सोसायटी.

वरचे सगळे जमले असेल तरच इकडे वळा. गृहनिर्माण सोसायटीला वय नाही आणि रिबेटही नाही. वेगळा पर्याय निवडला नसेल तर पहिल्या 10 हजारांवर 10 टक्के, पुढच्या 10 हजारांवर 20 आणि 20 हजारांच्या वर थेट 30. हे आकडे छापखान्यात चुकलेले नाहीत. माणसांचे टप्पे लाखांत वाढत गेले, सोसायटीचे हजारांतच राहिले. सभासदांनी भरलेल्या मेंटेनन्सवर कर नाही, पण गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या भाड्यावर आहे. वार्षिक सभेत ‘टॉवरचे पैसे गेले कुठे?’ म्हणून सेक्रेटरीवर ओरडणाऱ्यांनी हा परिच्छेद झेरॉक्स काढून नोटीस बोर्डावर लावावा.

शेवटची सूचना सगळ्या माणसांना लागू. काहीच निवडले नाही तर आपोआप नवी प्रणाली लागते. ज्यांना घरकर्जाचे व्याज, घरभाडे आणि विम्याचे हप्ते धरून जुनीच परवडते, त्यांनी रिटर्न मुदतीत भरावे. मुदतीनंतर जुनी प्रणाली निवडता येत नाही, वय कितीही असो.